वन्स मोअर केव्हा?

बंगळुरूच्या मल्लेश्वरम भागातले चौडय्या स्मारक सभागृह बाहेरून चक्क व्हायोलिनच्या आकाराचे आहे. सात तारांचे व्हायोलिन वाजवणाऱ्या टी. चौडय्यांच्या स्मरणार्थ ते १९८० मध्ये उभे राहिले. या शहरात सिंफनीची मैफल जाहीर झाली, की प्रथमच तिकीट काढणाऱ्या मराठी कुटुंबाला उत्सुकतेबरोबर धाकधूकही वाटते: टाळी वाजवायची केव्हा?

नाट्यगृहात पद रंगले, की लगेच ‘वन्स मोअर’! सिंफनीचे मात्र बहुधा चार भाग असतात. मधल्या विरामात सारे शांत बसतात. शेवटी संचालक प्रेक्षकांकडे वळला, की मनसोक्त टाळ्या वाजवाव्यात. त्या थांबल्याच नाहीत, तर छापील कार्यक्रमात नसलेली एखादी छोटी रचना पदरात पडते. कधी ब्राम्सचे एखादे हंगेरियन नृत्य. ते कोणते, याचा अंदाज बांधण्यातही मौज असते.

पण ही शांतता पूर्वापार नाही. ८ डिसेंबर १८१३ रोजी व्हिएन्नात बीथोवेनची सातवी सिंफनी प्रथम वाजली, तेव्हा श्रोत्यांनी तिचा दुसरा भाग पुन्हा वाजवायला लावला होता! तेव्हा शेजारच्या चिमुकल्याने चुकून मध्येच टाळी दिली, तर डोळे वटारू नयेत. बालगंधर्वांच्या पदांना वन्स मोअर देणाऱ्यांची आणि व्हिएन्नाच्या त्या रसिकांची जात एकच.