रॅकचा दात मोजताना माझं काय चुकलं

साताऱ्याच्या किंवा मिरज-कुपवाडच्या एमआयडीसीत एखाद्या जुन्या लेथपाशी उभे राहा आणि कॅरेजचं हँडव्हील हळूच उलटं फिरवून बघा. चाक थोडं फिरतं, कॅरेज मात्र जागचं हलत नाही. हा रिकामा प्रवास म्हणजे बॅकलॅश. किर्लोस्करवाडी १९१० मध्ये वसली, म्हणजे शंभर वर्षांहून जास्त काळ या भागातले कारागीर हाताला जाणवणाऱ्या या 'प्ले'शी झगडत आलेत. पण हँडव्हीलवर जाणवतो तो सगळा प्ले रॅकचा नसतो, एप्रनमधल्या गिअरांचाही त्यात वाटा असतो. रॅकचा वाटा वेगळा काढायचा तर दाताची जाडी मोजावी लागते. मी चुकलो ते इथेच.

माझ्या टेस्ट रिगवरचा रॅक २ मॉड्यूलचा, २० अंश दाबकोनाचा. दातांमधलं अंतर ६.२८३ मिमी, म्हणून पिच रेषेवर दाताची जाडी त्याच्या निम्मी, ३.१४२ मिमी हवी. मी गिअर टूथ व्हर्नियर २.०० मिमी खोलीवर लावलं आणि रीडिंग आलं ३.१४. झालं, रॅक चांगला! गोल गिअरवर जीवेची दुरुस्ती करावी लागते. रॅकची पिच रेषा सरळ असल्यामुळे तीही कटकट नाही, या आनंदात मी होतो. पण डायल लावल्यावर बॅकलॅश हिशेबापेक्षा सुमारे ०.०४ मिमी जास्त दिसला. मी दोन आठवडे पिनियनच्या बेअरिंगला दोष देत बसलो.

शेवटी गाइडनी विचारलं, "दाताचं टोक कुठे आहे ते बघितलंस का?" बघितलं नव्हतं. कुणीतरी आधी दातांची टोकं ०.०५ मिमी घासून काढली होती. व्हर्नियर खोली मोजतं ते टोकापासून. टोक खाली गेलं की जबडेही तेवढेच खाली, दाताच्या रुंद भागावर टेकतात आणि जाडी २ × ०.०५ × टॅन २०°, म्हणजे ०.०३६ मिमी जास्त दिसते. खरी जाडी होती ३.१०४ च्या आसपास. व्हर्नियरचा एक भाग ०.०२ मिमीचा, म्हणजे माझी सगळी चूक जेमतेम दोन रेघांची होती!

म्हणून आता मी पिन वापरतो. रॅक सरफेस प्लेटवर पाठीवर ठेवायचा, दोन दातांमधल्या खाचेत ३.५ मिमीची पिन ठेवायची आणि पिनच्या माथ्याची उंची डायल व स्लिप गेजने मोजायची. नेमक्या मापाच्या रॅकवर पिनचा माथा पिच रेषेच्या २.५५१ मिमी वर येतो. दात ०.०१ मिमी बारीक असेल तर खाच तेवढीच रुंद होते आणि पिन सुमारे ०.०१४ मिमी खाली बसते, म्हणजे चूक मोठी होऊन दिसते. माझ्या रॅकवर पिन ०.०५ मिमी खाली होती. टोकाचा इथे संबंधच येत नाही.

एक शंका येईल: रॅकच्या पाठीची जाडीच कमी असेल तर? तेव्हाही पिन खाली जाईल आणि दात बारीक असल्यासारखं वाटेल. पण रॅक पाठीवरच बसवलेला असेल तर पिनियनलाही अगदी तेच वाटतं. रॅक आणि पिनियन एकमेकांपासून ०.१० मिमी लांब गेले की बॅकलॅश ०.०७३ मिमीने वाढतो, दात ०.०७३ मिमीने बारीक झाला तरीही तेवढाच वाढतो.

आणखी एक, एका जागी मोजून थांबू नका. लेथचा रॅक चकच्या बाजूला जास्त वापरला जातो आणि तिथेच जास्त झिजतो. त्या जागी बॅकलॅश शून्यावर आणलात तर न झिजलेल्या टोकाला पिनियन अडकेल. आधी सगळ्या लांबीत सर्वांत घट्ट जागा शोधा आणि तिथे बॅकलॅश ठरवा. पिनियन पक्का धरून रॅक मागे-पुढे हलवत दर पाव फेरीला डायल वाचा. २० दातांच्या पिनियनसाठी दर १२५.७ मिमीला तोच चढउतार पुन्हा दिसला तर दोष पिनियनच्या मध्याबाहेर फिरण्याचा आहे. रॅकची झीज अशी ठरावीक अंतराने परत येत नाही.