बांधावरचा तंटा आणि फडातला ऊस



गळीत हंगाम सुरू झाला की तोडीच्या तक्रारींबरोबर एक ठरलेली तक्रार येतेच. ऊस तुटला, मोळ्या बांधल्या, पण शेजाऱ्याने वाट अडवली म्हणून गाडी फडातून निघेना. तुटलेला ऊस चोवीस तासांत गव्हाणीत पडायला हवा, हे सांगायला नको. बांधावर भांडण चालते तोवर ऊस वाळतो, वजन घटते, उतारा पडतो. टोळी खोळंबते ती वेगळीच. आणि भाऊबंदांचे बोलणे बंद होते ते कैक वर्षे.

अशा वेळी आपल्याला दोनच गोष्टी सुचतात, कोर्ट नाहीतर काठी. काठीचे सोडा. वाट किंवा पाणी अडवले तर १९०६ च्या मामलेदार कोर्ट कायद्याखाली तहसीलदाराकडे दाद मागता येते. मात्र अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत. हा हक्क कोणी सोडावा असे आम्ही म्हणत नाही. पण हुकूम घेऊन घरी आलेल्या माणसाला पुढच्या पाळीला त्याच शेजाऱ्याच्या बांधावरून पाणी न्यायचे असते, त्याचे काय?

या बाबतीत परदेशातली एक हकिगत सांगण्यासारखी आहे. कॅनडात ऑन्टॅरिओ प्रांतात एल्मायरा नावाचे छोटे गाव आहे. १९७४ साली दोन तरुणांनी दारूच्या नशेत एका रात्रीत बावीस ठिकाणी नासधूस केली. टायर फाडले, काचा फोडल्या. गुन्हा कबूल झाला, आता शिक्षा व्हायची. पण मार्क यांत्झी नावाच्या प्रोबेशन अधिकाऱ्याने न्यायाधीशांपुढे वेगळीच सूचना मांडली, की या पोरांनी ज्यांचे नुकसान केले त्यांच्या दारात जावे. न्यायाधीशांनी मान्य केले. पोरे दारोदार गेली, कोणाचे काय मोडले ते त्यांनी समोर उभे राहून ऐकले आणि काही महिन्यांत भरपाई पोचती केली. बघा, तुरुंगात बसणे त्यापेक्षा सोपे गेले असते! पुढे अनेक देशांत अशा बैठकींची रीत पडली ती या प्रकरणापासून.

आपल्याकडे १५ ऑगस्ट २००७ रोजी महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. आर. आर. पाटील तेव्हा गृहमंत्री होते. गावोगाव समित्या झाल्या, तंटे मिटवणाऱ्या गावांना बक्षिसे मिळाली. काम मोठेच झाले. तरी आमचे मत असे, की नुसता गुणांचा तक्ता भरण्यासाठी घेतलेली समजुतीची सही फार टिकत नाही. "जाऊ द्या, मिटवून टाका" म्हणणारे पंच पुष्कळ भेटतात. ज्याचे नुकसान झाले त्याला "तुझे नेमके काय गेले, आता काय केले म्हणजे तुझे समाधान होईल?" असे विचारणारा एखादाच.

आणि उत्तर पुष्कळदा पैशाचे नसतेच. मोडलेला बांध त्याच हाताने घालून हवा असतो. किंवा चारचौघांत बोललेला शब्द चारचौघांतच मागे घ्यायला हवा असतो. ज्याने वाट अडवली त्याचेही काही दुखणे असते. गेल्या साली भरल्या गाडीने त्याची लागण तुडवली असेल, ते कोणी ऐकूनच घेतलेले नसते. म्हणून दोघांनाही पुरते बोलू द्यावे, घरच्या बायामाणसांनाही बसवावे. पंचांनी शेवटी बोलावे. ठरले ते तारखेसह लिहावे, आणि ती तारीख आली म्हणजे जाऊन पाहावे.

एक मात्र ध्यानात धरा. घरात मारहाण सोसणारी बाई किंवा जातीवरून अत्याचार झालेला माणूस, यांना पारावर बसवून समजुतीचा आग्रह करायचा नाही. तिथे पोलीस आणि कोर्टच.

दावा आधीच कोर्टात असेल तर झालेली तडजोड लोकअदालतीत नोंदवून घ्यावी. तो निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील चालत नाही, आणि भरलेली कोर्ट फीही परत मिळते. वाटेची बैठक घ्यायची ती मात्र दसऱ्याच्या आधी, टोळ्या यायच्या अगोदर. हद्दीचाच वाद असेल तर सरकारी मोजणी मागवावी आणि तिची फी दोघांनी निम्मी-निम्मी भरावी.