चार महिन्यांचा आसरा

आमच्या खानापूर तालुक्यातील हलशी म्हणजे कदंबांची प्राचीन पलाशिका. तेथे सापडलेल्या एका ताम्रपटात राजा रविवर्मा याने पावसाळ्याच्या चार महिन्यांत यतींच्या निर्वाहाची तरतूद केल्याचा उल्लेख आहे. निवाऱ्याची व अन्नाची चिंता मिटली म्हणजे ज्ञानसाधना निर्वेध चालते, हे या भूमीने सुमारे पंधराशे वर्षांपूर्वीच ओळखले होते.

निपाणीजवळील स्तवनिधी येथे १८९९ साली स्थापन झालेल्या दक्षिण महाराष्ट्र जैन सभेने हेच तत्त्व विद्यार्थ्यांस लावले. शाळा शहरात आणि मुलगा खेड्यात, ही अडचण जाणून सभेने वसतिगृहे काढली. कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात राहून शिकलेल्या कुंभोजच्या भाऊराव पाटलांनी १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापिली आणि १९२४ साली साताऱ्यास सर्व जातिधर्मांची मुले एका पंक्तीस बसविणारे वसतिगृह उघडले. मुलांनी श्रम करावे व शिकावे, हा तेथील दंडक. एका समाजाने पेरलेले बी असे सर्वांच्या शेतात उगवले.

भीमगडच्या रानातील काही वाड्यांच्या वाटा आजही पावसाळ्यात बंद पडतात आणि तेथील मुलांची शाळा तुटते. एकदा देणगी दिली की पावती फाटते व खाते मिटते. मुलाच्या शिक्षणाचा भार उचलला की ते खाते पिढ्यान्‌पिढ्या चालते. म्हणून प्रत्येक सभासदाने अशा एका मुलाचा वा मुलीचा चार महिन्यांचा राहण्या-जेवणाचा खर्च, जात न विचारता, आपल्या पेढीच्या धर्मादाय खात्यात मांडावा, अशी आमची नम्र विनंती आहे.