सलाइनच्या नळीतला बुडबुडा

सलाइनच्या नळीत बारीकसा बुडबुडा दिसला की नातेवाईक घाबरून सिस्टरला हाक मारतात आणि सिस्टर त्यांना धीर देते. तिचं बरोबर असतं. शिरेतून निघालेला तो बुडबुडा फुप्फुसातल्या केशवाहिन्यांच्या जाळ्यात अडकतो आणि तिथेच विरतो. पण काहींच्या फुप्फुसात धमनी आणि शीर मधलं जाळं वगळून थेट जोडलेल्या असतात. त्या चोरवाटेनं तोच बुडबुडा मेंदूत पोचू शकतो आणि पक्षाघाताचा झटका येऊ शकतो.

एचएचटी (हेरिडिटरी हेमरेजिक टेलँजिएक्टेशिया) हा अशा चोरवाटा तयार करणारा आनुवंशिक आजार. सुमारे ५,००० माणसांत एकाला होणारा. आई किंवा वडिलांना असला, तर प्रत्येक अपत्याला तो होण्याची शक्यता निम्मी. वारंवार घोळणा फुटणं हे त्याचं नेहमीचं लक्षण. आपल्याकडे मात्र उष्णता झाली म्हणत कांदा हुंगायला देतात आणि विषय संपतो. म्हणूनच ‘घरात आणखी कुणाचा घोळणा फुटतो का?’ हा शस्त्रक्रियेआधीचा भूलतज्ज्ञाचा प्रश्न मला कुठल्याही यंत्राइतकाच मोलाचा वाटतो. ओठांवर, जिभेवर, बोटांच्या टोकांवर दाबल्यावर फिके पडणारे लाल ठिपके दिसले, तर संशय बळावतो.

मग इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. मिठाच्या पाण्यात मुद्दाम सूक्ष्म बुडबुडे घुसळून ते शिरेत सोडतात. हृदयाच्या उजव्या कप्प्यांत ते दिसणारच. काही ठोक्यांनंतर डावीकडेही उमटले, तर फुप्फुसात चोरवाट असण्याची दाट शक्यता.

अशा रुग्णाच्या सलाइनमधली हवा कसोशीनं काढतात, फिल्टर बसवतात. नाकातून नळी घालणं टाळतात, कारण तिथल्या नाजूक वाहिन्या धक्क्यानंही फुटतात. व्हेंटिलेटरचा दाब शक्य तितका कमी ठेवतात. तो वाढला तर फुप्फुसाच्या निरोगी भागातल्या केशवाहिन्या दबतात आणि जास्त रक्त प्राणवायू न घेताच चोरवाटेनं निघून जातं. मेंदूतही अशा चोरवाटा असतील, तर रक्तदाब एकदम उसळू देत नाहीत.

बाळंतपणाचं काय? मणक्यातल्या वाहिनीला सुई लागेल या भीतीनं अशा स्त्रियांना एपिड्युरल, म्हणजे कळा कमी करणारं पाठीतलं इंजेक्शन, नाकारलं जाई. पण मणक्यात अशा चोरवाटा क्वचितच असतात. केवळ आजाराच्या नावाला भिऊन त्यांना कळा सोसायला लावणं मला अन्यायाचं वाटतं. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनाही हेच सांगतात: एचएचटी आहे एवढ्या कारणानं एपिड्युरल नाकारू नये, आणि त्यासाठी मणक्याच्या वेगळ्या तपासणीची सक्तीही नको.