पेटीतील सुरवंट

जर्मनीतील फ्रँकफुर्ट शहरात १६६० साली एका तेरा वर्षांच्या मुलीने रेशमाचे किडे पाळून पाहण्यास आरंभ केला. तिचे नाव मारिया सिबिला मेरियन. तिचे वडील ताम्रपटावर चित्रे कोरणारे नामांकित कारागीर होते. पण मारिया तीन वर्षांची असतानाच ते वारले. पुढे तिच्या आईने याकोब मारेल नावाच्या चित्रकाराशी विवाह केला. मारेल फुलांची चित्रे काढीत असे. त्याच्याच हाताखाली मारिया रेखाटणे आणि रंगविणे शिकली.

त्या काळी फुलांच्या चित्रांत मधूनमधून फुलपाखरे आणि भुंगे काढण्याची रीत होती. ते केवळ शोभेसाठी असत. ते कोठून आले, याची चौकशी फारसे कोणी करीत नसे. किडे चिखलातून, दवातून किंवा कुजलेल्या पदार्थांतून आपोआप उपजतात, असेच पुष्कळ लोक समजत. फ्रांचेस्को रेदी या इटालियन वैद्याने या समजुतीची परीक्षा केली ती १६६८ साली. त्याने काही बरण्यांत मांस ठेवले. त्यांतील काही उघड्या ठेवल्या व काहींच्या तोंडाला विरविरीत कापड बांधले. उघड्या बरण्यांतील मांसात अळ्या झाल्या, बांधलेल्यांत झाल्या नाहीत. माशांनी अंडी घातल्यावाचून अळ्या होत नाहीत, हे उघड झाले. मारियाने रेशमाच्या किड्यांकडे लक्ष दिले ते याच्या आठ वर्षे आधी.

रेशमाच्या किड्यांवरून तिची दृष्टी इतर सुरवंटांकडे वळली. बागेत जो सुरवंट दिसेल तो ती घरी आणी, पेटीत ठेवी आणि ज्या झाडावर तो सापडला त्याच झाडाची पाने त्याला घाली. यातच तिच्या कामाचे मर्म होते. बहुतेक सुरवंट खाण्याच्या बाबतीत मोठे हट्टी असतात. त्यांच्या ठरलेल्या झाडाचा पाला मिळाला नाही, तर ते भुकेने मरतील. पण दुसऱ्या पाल्याला तोंड लावणार नाहीत. म्हणून सुरवंटाबरोबर त्याचे झाडही ओळखावे लागते. सुरवंट कात कधी टाकतो, कोश कधी करतो, कोशातून काय बाहेर येते, हे सारे ती टिपून ठेवी. कोशाला ती ‘खजुराची बी’ म्हणत असे आणि तिच्या भाषेत फुलपाखरांचे नाव होते ‘उन्हाळी पक्षी’!

कधी कधी तिची मोठी फसगत होई. कोशातून फुलपाखराची वाट पाहावी, तर बाहेर पडाव्यात लहान लहान माशा. याचे कारण आज ज्ञात आहे. काही माशा व गांधीलमाश्या सुरवंटाच्या किंवा कोशाच्या अंगात अंडी घालतात व त्यांच्या अळ्या आतून त्याला खाऊन मोठ्या होतात. मेरियनला या प्रकाराचा उलगडा झाला नव्हता. तरीही तिने पाहिले ते तसेच लिहून ठेवले, मनाजोगते झाले नाही म्हणून वगळले नाही.

या नोंदींतून १६७९ साली तिचे सुरवंटांवरील पुस्तक तयार झाले. त्यात पन्नास चित्रे होती. दुसरा भाग १६८३ साली निघाला. त्यातही पन्नास चित्रे होती. पूर्वीच्या बहुतेक पुस्तकांत किडे तबकातील नाण्यांप्रमाणे ओळीने मांडलेले असत. मेरियनने पानाच्या मध्यभागी झाड काढले आणि त्याच झाडावर सुरवंट, कोश व पाखरू, आणि जेथे मिळाली तेथे अंडीही दाखविली. पाने कुरतडल्याची भोकेसुद्धा तिने सोडली नाहीत. किड्याचे सगळे आयुष्य एका पानावर दिसावे, ही कल्पना तिची.

पुढे ती ॲम्स्टरडॅमला राहू लागली. दूर देशांतून आणलेले वाळके किडे तेथील श्रीमंतांच्या संग्रहात टाचणीने टोचून ठेवलेले असत. ते सुंदर होते. परंतु ते कशातून जन्मले आणि काय खात होते, हे त्या मेलेल्या किड्यांवरून कसे कळावे? त्याचा शोध घेण्यासाठी १६९९ साली, वयाच्या बावन्नाव्या वर्षी, धाकट्या मुलीला बरोबर घेऊन ती जहाजाने दक्षिण अमेरिकेतील सुरिनामला गेली. सुरिनाम तेव्हा डचांची वसाहत होती. तेथील मूळचे रहिवासी आणि मळ्यांवर राबणारे गुलाम तिला झाडे व सुरवंट आणून देत. आजारपणामुळे १७०१ साली तिला परतावे लागले. साठ चित्रांचा तिचा मोठा ग्रंथ १७०५ साली प्रसिद्ध झाला.

या ग्रंथात एका मोठ्या कोळ्याने लहानसा पक्षी धरला आहे, असे चित्र आहे. पुढे काही पंडितांनी त्याची थट्टा केली. परंतु एकोणिसाव्या शतकात हेन्री वॉल्टर बेट्स या इंग्रज निसर्गशास्त्रज्ञाने ॲमेझॉनच्या प्रदेशात तसाच प्रकार प्रत्यक्ष पाहिला, तेव्हा थट्टा करणारे खोटे ठरले. मात्र त्याच ग्रंथात एका किड्याच्या डोक्यातून रात्री उजेड पडतो, असेही लिहिले होते आणि ते चुकीचे होते. म्हणजे पुस्तक कितीही थोर असले, तरी जिवंत किड्याशी ताडून पाहिल्यावाचून त्याचा खरेखोटेपणा कळत नाही.

आज बाजारात मिळणारी कीटक पाहण्याची खेळणी मेरियनच्या पेटीची भावंडेच म्हणावीत. झाकणाला भिंग बसविलेली डबी हे त्यांतील सर्वांत सोपे व बहुधा सर्वांत उपयोगी खेळणे होय. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात मनु प्रकाश या भारतीय वंशाच्या शास्त्रज्ञाने आपल्या सहकाऱ्यांसह कागद दुमडून करावयाचा सूक्ष्मदर्शक तयार केला व २०१४ साली त्याची माहिती प्रसिद्ध केली. ‘फोल्डस्कोप’ नावाच्या या साधनातून वस्तू सुमारे १४० पट मोठी दिसते. फुलपाखराच्या पंखावरील खवले त्यातून स्पष्ट दिसतात. परदेशांत जिवंत सुरवंट त्यांच्या तयार खाद्यासह पेल्यात घालून विकतात. त्यात रूपांतर दिसते खरे, पण झाड दिसत नाही. अर्धी गोष्ट दुकानातच राहून जाते. प्लॅस्टिकचे किडे विकत घेताना तर पाय मोजून घेतलेले बरे! मुंगीला सहा पाय असतात आणि ते सगळे छातीच्या भागाला जोडलेले असतात. खेळणी करणारे हे पुष्कळदा विसरतात.

महाराष्ट्रात यासाठी पैसे खर्चण्याचे कारण नाही. लिंबाच्या किंवा कढीलिंबाच्या कोवळ्या पानावर फुलपाखराचे मोहरीहून लहान, फिकट पिवळे अंडे सापडते. त्यातून निघणारा सुरवंट प्रथम पक्ष्याच्या विष्ठेसारखा दिसतो, त्यामुळे शत्रूचे त्याच्याकडे लक्ष जात नाही. मोठा झाल्यावर तो पानासारखा हिरवा होतो. त्याला डिवचले, तर डोक्यामागून दुभागलेले शिंग बाहेर काढून तो उग्र वास सोडतो. २०१५ साली महाराष्ट्राचे राज्य फुलपाखरू म्हणून घोषित झालेल्या ‘ब्लू मॉर्मन’चे, म्हणजे राणी पाकोळीचे, सुरवंटही लिंबाच्या कुळातील झाडांवरच वाढतात.

असा सुरवंट फांदीसह रुंद तोंडाच्या बरणीत ठेवावा, तोंडाला पातळ कापड बांधावे, रोज ताजा पाला घालावा व विष्ठा काढून टाकावी. काही दिवसांनी तो खाणे सोडतो, काडीला चिकटतो आणि कमरेभोवती रेशमाचा धागा बांधून कोश होतो. नंतर एखाद्या सकाळी कोश उकलतो. फुलपाखराचे पंख तेव्हा ओले व चुरगळलेले असतात. शरीरातील द्रव त्यांत भरला जाऊन ते हळूहळू ताठ होतात. या वेळी त्याला बोट लावले, तर पंख कायमचे वाकडे होतात. पंख वाळले, की बरणी त्याच लिंबाखाली नेऊन उघडावी.

मागे राहते ती काडीला चिकटलेली कोशाची रिकामी साल आणि रोजच्या नोंदींचा कागद. मेरियनची तशी टिपणवही रशियात सेंट पीटर्झबर्ग येथे आजही जपून ठेवलेली आहे; तीत रेशमाच्या किड्यांचीही चित्रे आहेत.