पदार्थांचा चुंबकीय प्रतिसाद आणि दख्खनच्या पाषाणाची साक्ष

प्रस्तावना :
लोखंड चुंबकास चिकटते, तांबे चिकटत नाही; या शालेय निरीक्षणावरून पदार्थांचे 'चुंबकीय' व 'अचुंबकीय' असे दोन वर्ग पाडले जातात. पदवीचे विद्यार्थीही पुष्कळदा हाच समज घेऊन येतात. वस्तुतः प्रत्येक पदार्थ चुंबकीय क्षेत्रास काही ना काही प्रतिसाद देतोच. प्रबळ विद्युतचुंबक वापरून मायकेल फॅरडे यांनी १८४५ मध्ये याचा प्रत्यय आणून दिला. प्रस्तुत लेखात या प्रतिसादाचे तीन प्रमुख प्रकार विशद केले आहेत.

प्रकार :
१) प्रतिचुंबकीय : पाणी, तांबे, बिस्मथ. बाह्य क्षेत्रामुळे इलेक्ट्रॉनांच्या गतीत होणारा बदल त्या क्षेत्रास विरोध करतो. म्हणून पदार्थ किंचित दूर लोटला जातो. हा गुण सर्वच पदार्थांत असतो, परंतु अन्य परिणाम प्रबळ असल्यास तो झाकला जातो.
२) समचुंबकीय : ऑक्सिजन, मोरचूद. यांतील अयुग्मित इलेक्ट्रॉन सूक्ष्म चुंबकांप्रमाणे क्षेत्राच्या दिशेने वळू पाहतात, तर उष्णता त्यांना विस्कळीत करते. म्हणूनच तापमान वाढले की आकर्षण घटते, असे पिएर क्यूरी यांना १८९५ मध्ये आढळले. तांबे प्रतिचुंबकीय, पण त्याचेच संयुग मोरचूद समचुंबकीय, हे लक्षणीय आहे. प्रतिसाद केवळ मूलद्रव्यावर नव्हे, तर इलेक्ट्रॉनांच्या रचनेवर अवलंबून असतो.
३) लोहचुंबकीय : लोह, कोबाल्ट, निकेल. येथे शेजारचे अणू परस्परांना एका दिशेत धरून ठेवतात. त्यामुळे क्षेत्र काढून घेतले तरी चुंबकत्व काही अंशी उरते. सुमारे ७७० अंश सेल्सिअसच्या वर मात्र लोहाचा हा गुण लोपतो व ते समचुंबकीय होते.

दख्खनची साक्ष :
महाराष्ट्रातील काळ्या पाषाणात मॅग्नेटाइटच्या जातीची खनिजे असतात. त्यांचे चुंबकत्व लोहचुंबकत्वाशी निकटचे आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थंड होताना तत्कालीन भूचुंबकीय क्षेत्राची दिशा या खनिजांत गोठली. १९५० च्या दशकातील मोजमापांवरून, त्या काळी हा भूभाग विषुववृत्ताच्या दक्षिणेस होता असे दिसून आले. खंडवहनाच्या कल्पनेस त्यामुळे भक्कम आधार मिळाला.

निष्कर्ष :
'चिकटते की नाही' एवढ्यावर अध्यापन थांबल्यास महाविद्यालयाच्या आवारातील दगडात दडलेला हा इतिहास विद्यार्थ्यांस अज्ञातच राहील. प्रतिसाद किती, कोणत्या दिशेने आणि कोणत्या तापमानास, हे तीन प्रश्न विचारावयास शिकविणे अधिक उचित ठरेल.