आठ हजार वेढे

स्ट्रॅटोकास्टर घाटाच्या गिटारचं पिकगार्ड अकरा स्क्रूंनी बसवलेलं असतं. तारा सैल करून ते अकरा स्क्रू काढले आणि प्लास्टिकची ती पाटी अलगद उलटी केली, की गिटारचं पोट दिसतं. तीन पिकअप, आवाज कमीजास्त करायचे तीन पॉट, पाच खटक्यांचा स्विच, एक चिमुकला कपॅसिटर आणि या सगळ्यांना बांधून ठेवणाऱ्या वायरी. माझी गिटार मी पहिल्यांदा उघडली ती ब्रिजजवळचा पिकअप मुका झाला म्हणून. मल्टिमीटरच्या पिना त्याच्या दोन टोकांना लावल्या. सहा हजार ओहमच्या आसपास आकडा दिसायला हवा होता, तो आलाच नाही. आत कुठेतरी तार तुटली होती.

ही तार म्हणजे इनॅमल चढवलेलं तांबं, बेचाळीस गेजचं. जाडी मिलिमीटरचा जेमतेम सोळावा हिस्सा. एका पिकअपवर तिचे साधारण आठ हजार वेढे बसतात आणि उलगडली तर किलोमीटरभर भरेल. शेतातली मोटार जळाली की तालुक्याच्या गावी ज्या दुकानात ती भरायला टाकतात, तिथेही याच जातीची तार असते, फक्त कितीतरी जाड.

मुळातलं शास्त्र फॅरडेनं 1831 मध्ये दाखवून दिलं होतं. वेढ्यांच्या मधोमध चुंबक असतात. वरून जाणाऱ्या पोलादी तारेत ते थोडं चुंबकत्व उतरवतात. तार छेडली की चुंबकीय क्षेत्र हलतं आणि वेढ्यांमध्ये वीज उमटते, व्होल्टच्या काही अंशाएवढी. एवढ्याशा विजेचा अँप्लिफायरमधून मैदानभर आवाज होतो. त्याच गिटारला नायलॉनच्या तारा चढवल्या तर पिकअपला काहीच ऐकू येणार नाही.

हे पहिल्यांदा नीट जमलं ते मांडीवर घेऊन वाजवायच्या हवाईयन गिटारवर. लॉस एंजेलिसमध्ये जॉर्ज बीचम यांनी नालेच्या आकाराचे दोन चुंबक तारांभोवती बसवले. रिकनबॅकर कंपनीची ती गिटार 1932 च्या सुमारास बाजारात आली, तिच्या गोल घाटामुळे लोक तिला तवाच म्हणायला लागले, आणि पेटंट मिळायला 1937 उजाडलं. ही मांडीवरची गिटार पुढे मुंबईच्या चित्रपटसंगीतातही रुळली. व्हॅन शिपली यांनी विजेच्या गिटारवर वाजवलेल्या हिंदी गाण्यांच्या तबकड्या आपल्याकडे घरोघरी ऐकल्या गेल्या.

पण मला राहून राहून ओढ वाटते ती कॅलिफोर्नियातल्या फुलरटन गावची. स्ट्रॅटोकास्टर बनवणाऱ्या फेंडर कंपनीचा कारखाना तिथे होता आणि पिकअप भरण्याचं काम बहुतेक बायकांच्या हाती होतं. बॉबिन मशिनीवर फिरायची, पण तार तिच्यावर कुठे पडायची ते बोटं ठरवायची. तार चिमटीत धरून डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे फिरवायची. फार ताणली तर तुटते, सैल सोडली तर वेढे ढिले बसतात. आबिगेल इबारा 1956 मध्ये तिथे कामाला लागल्या आणि 2013 मध्ये निवृत्त झाल्या. त्यांच्या हाताने भरलेले पिकअप आज जगभरचे वादक शोधत फिरतात.

त्यामागे भावनेपेक्षा ठोस कारण आहे. मशिनीने वेढे एकाशेजारी एक घट्ट बसतात. हाताने ते थोडे विस्कटतात, थरांमध्ये किंचित पोकळी राहते, त्यामुळे वेढ्यांमधली विद्युतधारिता कमी होते आणि वरच्या पट्टीतले सूर मोकळे होतात. वेढे वाढवले तर आवाज दणदणीत होतो, पण त्याची धार कमी होते. मिरजेचा कारागीर तंबोऱ्याची जवारी काढतो तेव्हा घोडीवर कानसीचा एखादा हात जास्त पडला की आवाज वेगळा होतो. इथेही फरक तेवढाच बारीक आणि तोही हातातच. मला हे फार मोलाचं वाटतं. ज्या आवाजासाठी वादकांची नावं घेतली जातात, त्यातला एक वाटा दिवसभर तार चिमटीत धरून बसलेल्या बायकांचा आहे.

या पिकअपचं एक दुखणं मात्र जन्माचं आहे. चुंबकाभोवतीची तार म्हणजे अँटेनाच. ट्यूबलाइट, ट्रान्सफॉर्मर, डिमर यांची घरघर ती मुकाट उचलते. गणेशोत्सवात ऑर्केस्ट्रात वाजवलेल्या कुणालाही विचारा. मांडवाची रोषणाई लागली की दोन गाण्यांच्या मध्ये गिटार आपली आपणच गुणगुणत राहते, आपल्याकडच्या 50 हर्ट्झच्या विजेच्या पट्टीत.

त्यावरचा उतारा गिब्सन या गिटार कंपनीच्या सेथ लव्हर यांनी 1955 मध्ये काढला. वेढ्यांच्या दोन कॉइल शेजारी शेजारी, एकीचे चुंबकीय ध्रुव दुसरीच्या उलट आणि वेढ्यांची दिशाही उलट. बाहेरची घरघर दोन्हींत सारखीच शिरते आणि एकमेकींना खोडते. तारेचा सूर मात्र दोनदा उलटून परत सुलटा होतो आणि दुप्पट भरतो. हाच हंबकर. 1957 पासून तो लेस पॉल गिटारवर बसू लागला. खाली काळी पट्टी असायची, पेटंटसाठी अर्ज केल्याची. पेटंट 1959 मध्ये मिळालं, पण पुढच्या पट्ट्यांवर गिब्सनने नंबर छापला तो लेस पॉल यांच्या टेलपीसच्या पेटंटचा. या सुरुवातीच्या पिकअपांतही वेढ्यांची संख्या सारखी नसे, एकेका कॉइलवर पाच हजारांच्या मागेपुढे काहीही. म्हणून दोन जुने हंबकर एकसारखे बोलत नाहीत.

पुढे पिकअप सुटाही मिळू लागला. लॅरी डिमार्झिओ यांनी 1972 मध्ये सुपर डिस्टॉर्शन हा पिकअप आणला, सीमोर डंकन यांची कंपनी 1976 मध्ये सांता बार्बरात उभी राहिली, आणि गिटार जशी विकत घेतली तशीच वाजवायची हे बंधन गेलं. वादक एडी व्हॅन हेलन यांनी तर गिब्सनचा हंबकर स्ट्रॅटच्या घाटाच्या गिटारमध्ये बसवून 1978 च्या पहिल्या अल्बममध्ये वाजवला. कॉइल किंचाळू नये म्हणून त्यांनी तो वितळलेल्या मेणात बुडवला होता.

मी मुक्या पिकअपच्या जागी बसवला तो सिंगल कॉइलच्या मापाचा हंबकर, एकाच खाचेत दोन बारीक कॉइल मावलेला. त्याला पाच वायरी येतात. चार रंगीत, एक उघडी. इथे घाई करू नये. डंकनच्या पिकअपमध्ये काळी वायर स्विचकडे जाते, पांढरी आणि लाल एकमेकींना जोडून टेप लावायची, हिरवी आणि उघडी पॉटच्या पाठीवर अर्थला. डिमार्झिओच्या पिकअपमध्ये लाल स्विचकडे जाते आणि काळी-पांढरी एकत्र होतात. डंकनचे रंग डिमार्झिओला लावले तर एक कॉइल उलटी पडते. मग नेमकं विपरीत घडतं: सूर एकमेकांना खोडतात आणि घरघर दुप्पट होते. मी पहिल्यांदा हेच केलं होतं. आवाज किरटा, पातळ, पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा. पिकअपच खराब आहे असं धरून बसलो होतो. दुसऱ्या दिवशी रंग पुन्हा ताडून पाहिले तेव्हा कळलं.

डाग देणं हे खरं कौशल्य. पॉटची पाठ म्हणजे धातूची वाटी, उष्णता पिऊन टाकते. आयर्न नुसता टेकवून चालत नाही. आधी पाठ कानसीने खरवडायची, तिथे शिश्याचा छोटा थर पसरवायचा, मग वायर ठेवून पुन्हा तापवायचं. शिसं आपणहून पसरलं आणि चकाकलं तर डाग बसला. थिजताना वायर हलली तर वर करडी, रवाळ गाठ दिसते. रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारे त्याला ड्राय सोल्डर म्हणतात. तो आज वाजतो आणि ऐन कार्यक्रमात खरखरतो.

पिकगार्ड बसवण्याआधी जॅकमध्ये केबल घालून, अँप बारीक ठेवून, स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने पिकअपवर टिचकी मारायची. स्विच त्या खटक्यावर असेल तर टक असा आवाज येतो. माझ्या तिन्ही पिकअपांवर आला. मग अकरा स्क्रू.

तो मुका पिकअप टाकवला नाही. खिशात घालून मोटार वाइंडिंगच्या एका दुकानात गेलो. काकांनी वरची टेप नखाने सोडवली, तुटलेलं टोक शोधलं आणि बल्बसमोर धरलं.

“घड्याळाच्या कॉइलची तार आहे ही,” ते म्हणाले. “आमच्याकडे एवढी बारीक नसते. किती वेढे आहेत?”

“आठ हजार, काका.”

त्यांनी बॉबिन फिरवून चारी बाजूंनी पाहिली, मशिनीच्या आसात ती बसते का ते अजमावलं.

“तार आणून द्या,” ते म्हणाले आणि काउंटर शून्यावर आणून ठेवला.